युसूफभाईंचं टारगट

साडीच्या दुकानात साडी विकणं हे सगळ्यात सोपं काम असतं. सगळी उमर साड्या विकून मी हे सांगते आहे, तेव्हा कोणी वाद घालू नये. साडी चांगली असली की बाई तिला आपणहून हात लावते आणि एकदा हात लावला की पुढचं साडी पाहून घेते. आपण फक्त पदर नीट पसरायचा आणि तोंड बंद ठेवायचं. पदर पसरायला मी आठवडाभरात शिकले. तोंड बंद ठेवायला निवृत्त व्हावं लागलं, आणि आता या अंकाच्या संपादकांनी ते पुन्हा उघडायला सांगितलं आहे.

त्यांची सूचना अशी की नोकरीला कधी लागले, सुपरवायझर कधी झाले, असं क्रमानं लिहावं. त्यात काही दम नाही. आधी काउंटरमागे उभी होते, नंतर काउंटरमागे खुर्ची मिळाली, संपला क्रम. लिहिण्यासारखी गोष्ट एकच आहे, आणि ती माझी नाही, आमच्या युसूफभाईंची आहे.

दुकानाचं नाव लिहीत नाही. वाशीमच्या बाजारात खाली सुटी विक्री आणि वरचा अख्खा मजला बस्त्याचा, एवढं सांगितलं तरी ज्यांना कळायचं त्यांना कळेल. दूरच्या वाचकांसाठी बस्ता म्हणजे काय ते सांगते. लग्न ठरलं की नवरीकडचे आणि नवरदेवाकडचे एकाच दिवशी एकाच दुकानात येतात आणि नवरीच्या शालूपासून मामाच्या धोतरापर्यंत, मानाचं, आहेराचं, सगळं कापड एका बैठकीत घेतात. गाड्या भरून माणसं येतात, पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसतात. चहा होतो, जेवण होतं, पुन्हा चहा होतो. दोन्ही घरांची अजून नीट ओळखसुद्धा झालेली नसते, आणि आम्ही त्यांना समोरासमोर बसवून रंग निवडायला सांगतो.

मग कोणीतरी रुसतंच. काकूच्या साडीचा काठ मामीच्या साडीपेक्षा बोटभर रुंद निघतो. धोतर उजेडाकडे धरून मामा म्हणतात, यातून तर समोरचं घर दिसतं. एखाद्या आजीला कोणी काही विचारलेलंच नसतं. सगळ्यात धोक्याचा माणूस म्हणजे ‘मले काहीबी चालते’ म्हणणारा. त्याला काहीच चालत नाही, हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगून ठेवत असे. हल्ली निम्मे बस्ते फोनवर फोटो पाठवूनच ठरतात, पण रुसवे तेवढेच आहेत. आता माणसं गादीवरून उठत नाहीत, ग्रुप सोडून जातात.

आमच्या वेळी मात्र खरोखर उठत. एक जण उठला की त्याच्या बाजूचे चार उठत आणि बघता बघता सगळा बस्ताच उठे. ‘बस्ता उठला’ हा आमच्या धंद्यातला सगळ्यात वाईट शब्द. मागं उरे ते उलगडलेल्या साड्यांचं रान, आणि घड्या घालत आम्ही.

तर असा बस्ता उठू न देणं हे युसूफभाईंचं काम. हे काम त्यांना कोणी दिलं नव्हतं. ते मालेगावचे, म्हणजे नाशिककडच्या नव्हे, आमच्या वाशीमजवळच्या, रोज बसनं यायचे. कडक इस्त्रीचा कुडता, कानात अत्तराचा फाया, आणि जिन्याजवळच्या पंख्याखालची खुर्ची त्यांच्या बापजाद्यांनी घेऊन ठेवल्यासारखी. गठ्ठा उचलायला सांगितला की लगेच कमरेत उसण भरे. साडी दाखवायला सांगितली तर दाखवता दाखवता स्वतःच्या निकाहाचा किस्सा सुरू करत, आणि गिऱ्हाईक किस्सा ऐकून निघून जाई. मी सुपरवायझर झाल्यावर पहिलं वर्ष त्यांच्यावर चिडण्यातच गेलं.

मग एकदा नवरदेवाची आत्या रुसली. भिंतीकडे तोंड करून, पिशवी मांडीवर घेऊन जिन्याजवळ बसली. तिचा भाऊ समजावून थकला, मी समजावून थकले. युसूफभाई सुई-दोरा घेऊन तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, अक्का, एवढा दोरा ओवून द्या, बटण तुटलं, मले दिसत नाई. आत्यानं दोरा ओवून दिला. मग यांनी टाका घालायला घेतला, तो इतका वाईट की तिला पाहवेना. तिनं सुई हिसकावून घेतली आणि कुडत्याचं बटण स्वतःच लावून दिलं. लावता लावता ती बोलायला लागली, आणि बटण पक्कं झालं तेव्हा ती विचारत होती की बाकीच्यांनी कोणकोणते रंग घेतले.

मी संध्याकाळी त्यांचं कौतुक केलं. त्यांना कौतुक आवडतं, म्हणून पूर्ण करू दिलं आणि मग म्हणाले, “बाई, रुसल्या मानसाले समजावू नये. समजावलं का रुसवा वाढते. त्याले काम सांगावं.” बटण त्यांनी खांबामागे जाऊन स्वतःच तोडलं होतं. लग्नसराईत त्यांच्या वरच्या काजात क्वचितच बटण दिसे. ते खिशात असे.

मोठे शेठ हे सगळं गल्ल्यावर बसून पाहत. कामाचं मोजमाप तेही करत, फक्त त्याला कोणी मोजमाप म्हणत नसे. संध्याकाळच्या चहाला ज्याचं काम चांगलं झालं त्याला ते काहीच बोलत नसत. ज्याचं झालं नसेल त्याला हळूच विचारत, “घरी सगळं बरं हाय न?” बस, एवढंच. आमचा गजानन सेल्समन एकदा हे ऐकून रात्री जेवला नव्हता, आणि गजानन जेवणाला नाही म्हणणारा माणूस नव्हे.

मग छोटे शेठ पुण्याहून शिकून आले. मुलगा गुणी, बोलणं गोड, मला शोभाकाकू म्हणायचा. त्यानं वरच्या मजल्यावर पांढरा बोर्ड लावला, सगळ्यांची नावं लिहिली आणि दर सोमवारी दुकान उघडायच्या आधी गादीवर मीटिंग सुरू केली. ध्येय स्पष्ट पाहिजे, मोजता आलं पाहिजे, त्याला मुदत पाहिजे, असं तो समजावून सांगे. प्रत्येकाचं टार्गेट ठरणार, आणि लग्नसराई संपेल तेव्हा ज्याचं नाव सगळ्यात खाली असेल त्याला दुकान सोडावं लागणार.

खोटं कशाला बोलू, त्या बोर्डानं काही भलं केलं. आमची रेखा गरीब स्वभावाची, तिनं पटवलेलं गिऱ्हाईक शेवटच्या घडीला दुसराच आपल्या नावावर घेई. बोर्डावर तिचं नाव पहिल्याच आठवड्यात वर आलं तेव्हा तिच्यासकट सगळे चकित झाले. गठ्ठ्यांमागे दुपारची झोप काढणारा गजानन जागा राहू लागला. माझंही नाव वर असे, आणि येता-जाता मी ते वाचत असे. आकडे वरच्या पाच जणांचेच बोर्डावर येत, बाकीच्यांचे कॉम्प्युटरमध्ये राहत.

पण गंमतही झाली. गिऱ्हाईक दारात दिसलं की चौघं धावत. एक म्हातारे गृहस्थ कोर्टाचा रस्ता विचारायला आत आले, त्यांना गजाननानं चहा पाजून गादीवर बसवलं. तारीख चुकली असती बिचाऱ्यांची. दुसऱ्यानं उलगडलेल्या साडीची घडी घालायला कोणी तयार होईना, कारण घडीचे गुण नव्हते. साड्यांचा ढीग माझ्या छातीपर्यंत आला.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे ‘टारगट’ हा शब्द पूर्वीपासून आहे. जो कोणाच्या बापाचं ऐकत नाही, डोक्याला ताप देतो, तो टारगट. युसूफभाईंना एका कानानं कमी ऐकू येई, हे गावाला माहीत होतं, फक्त त्यांना मान्य नव्हतं. पहिल्या मीटिंगला छोटे शेठ एकेकाला विचारत त्यांच्यापर्यंत आले.

“चाचा, तुमचं टार्गेट काय धरू?”

“रोज एक धरा,” युसूफभाई म्हणाले. “लग्नसराईत दोनबी निघतात.”

“रोज एक? झेपेल?”

“आजवर एकबी हातचं सुटलं नाई, छोटे शेठ. टारगट जेवढं मोठं, तेवढी मजा येते.”

छोटे शेठनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. या वयात ही उमेद बघा, म्हणाले. त्यांना वाटलं की चाचा रोज एक अख्खा बस्ता विकणार. एवढं तर आमच्यातल्या कोणालाच जमलं नव्हतं. मला वाटलं, नेहमीची बढाई आहे.

उलगडा संध्याकाळी झाला. युसूफभाई माझ्या खुर्चीजवळ येऊन समाधानानं म्हणाले की बाई, आजचं टारगट झालं, कारंज्याची मोठी आई होती, लय कडक. मी हसून हसून बेजार झाले. मग गंभीर होऊन त्यांना समजावलं की छोटे शेठ वेगळंच बोलून राहिलेत. त्यांनी मलाच वेड्यात काढलं. पुण्याले शिकेल पोरगं चुकीचं कायले बोलन, असं त्यांचं म्हणणं. आठवड्यानं छोटे शेठना सांगायला गेले तर ते फोनवर होते. चाचांचं मस्त चाललंय, रोज सांगतात मला टार्गेट झालं म्हणून, असं म्हणून त्यांनी मला हातानंच थांबवलं. दोन्हीकडून बाहेर काढल्यावर मी साड्यांच्या ढिगाकडे वळले.

लग्नसराई उताराला लागली तशी शेवटची मीटिंग झाली. छोटे शेठनी कॉम्प्युटरमधून निघालेली नावं वाचली. रेखा पहिली. गजानन मध्ये कुठंतरी. शेवटी ते थांबले आणि म्हणाले, “चाचा, तुमच्या नावावर एकसुद्धा बस्ता नाही.”

“बस्त्याचं कोनं म्हटलं?” युसूफभाई म्हणाले. “बोलनं टारगटाचं झालं होतं. माहे सगळे पुरे हायेत. कारंज्याची मोठी आई झाली, रिसोडचा मामा झाला, मानोऱ्याचे ते दोघं भाऊ झाले. विचारा बाईले.”

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग गजानन गठ्ठ्यावर आडवा पडून हसू लागला, आणि त्याच्या पाठोपाठ सगळा मजला. छोटे शेठ चष्मा काढून डोळे पुसत होते. मीही हसले. युसूफभाई आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. शेवटी रेखानं त्यांच्या चांगल्या कानाशी जाऊन सांगितलं, की टार्गेट म्हणजे ज्याचं त्याला नेमून दिलेलं विक्रीचं काम.

युसूफभाईंनी आपला चष्मा डबीत ठेवला. “म्हंजे मी रिकामाच बसलो होतो,” एवढं म्हणाले, चपला घातल्या आणि जिना उतरून बसस्टँडकडे गेले. रागावले असते तर काही वाटलं नसतं. ज्यानं उभ्या जिल्ह्याचे रुसवे काढले त्या माणसाला आम्ही दात काढून घालवलं, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. छोटे शेठचाही चेहरा उतरला होता, पण नियम त्यांनीच केलेला होता आणि सगळ्यांसमोर तो मोडायचा कसा, हे त्यांना सुचेना.

त्याच आठवड्यात जऊळक्याचा बस्ता आला. नवरी सावळी, फार गोड मुलगी. तिला एक डाळिंबी शालू आवडला. नवरदेवाच्या मामी म्हणाल्या, रंग थोडा गडद वाटते. झालं. नवरीच्या आईनं साडी खाली ठेवली आणि विचारलं, “आमची पोरगी काळी हाय असं म्हनून राह्यल्या का तुमी?” मामी गप्प बसल्या, आणि तेही वाईटच दिसलं.

आमची सगळ्यांची नजर जिन्याजवळच्या खुर्चीकडे गेली. खुर्ची रिकामी. छोटे शेठ स्वतः पुढं झाले आणि समजावू लागले. मामींचा तसा हेतू नव्हता, म्हणाले. त्यावर मामी म्हणाल्या की माह्या हेतूचं तुमाले काय मालूम. मग ते नवरीच्या आईला समजावायला गेले, तर ती रडायलाच लागली. जितकं समजावलं तितकं वाढत गेलं. आधी मामी उठल्या, मग आई, मग दोन्हीकडचे पुरुष. मुलगी तेवढी शालूचा काठ धरून बसून राहिली होती. खालून हाक आली तेव्हा तिनं शालूची नीट घडी घातली, माझ्या हातात दिली आणि गेली. दोन्ही घरं वेगवेगळ्या ऑटोत बसून स्टेशनकडे निघाली. नुसता बस्ता नाही, लग्नच उठतं की काय अशी मला भीती वाटली.

संध्याकाळी चहा आला. मोठे शेठ बशीत चहा ओतून घेत मुलाकडे पाहून हळूच म्हणाले, “घरी सगळं बरं हाय न?”

बाप-लेक एकाच घरात राहतात. पण कोणाला हसू आलं नाही. छोटे शेठनी कप तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. सकाळीच माझ्या दारात मोटारसायकल येऊन उभी राहिली. शोभाकाकू, मालेगावला चला, एकट्याला नाही जमणार, असं म्हणाले छोटे शेठ. मी मागं बसले. रस्ताभर त्यांच्या कानाशी ओरडून त्यांना बटणाचा किस्सा सांगितला, आणि रुसलेल्याला समजावू नये, काम सांगावं, हेही सांगितलं. ते वाऱ्यात ओरडून म्हणाले की ही तर फसवणूक झाली, मी सरळ माफी मागणार.

आणि मागितली. युसूफभाई खाटेवर आमच्याकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत होते. छोटे शेठ म्हणाले, चुकलं माझं. युसूफभाई म्हणाले, शुक्रिया. छोटे शेठ म्हणाले, तो नियम मी काढून टाकला. युसूफभाई म्हणाले, मेहरबानी. छोटे शेठनी मग त्यांना ग्राहक संबंध अधिकारी असं पद देऊ केलं. त्यावर पान उलटत युसूफभाई म्हणाले, “आमाले ऐकू येत नाई. आमचं वय झालं. आमी रिकामेच बसतो.” आत त्यांच्या बेगम चहा गाळत होत्या. त्या मला हळूच म्हणाल्या की तवापासून अत्तरबी लावलं नाई त्यायनं.

छोटे शेठ उठले आणि बाहेर गेले. मला वाटलं, संपलं. चहाचा कप घेऊन मी खिडकीशी आले तर हे महाशय गाडीच्या मागच्या चाकाजवळ उकिडवे बसून पेनाच्या टोकानं काहीतरी दाबत होते, आणि चाक फुसफुसत खाली बसत होतं. मी पटकन खिडकीपासून बाजूला झाले.

ते दारात आले. “चाचा, गाडीची हवा गेली. इथं भरून कुठं मिळेल?”

“चौकात,” पेपरमागून आवाज आला.

“कोणत्या चौकात? काकूंना घेऊन ढकलत कुठवर जाऊ?”

पेपर खाली आला. “बाईले कायले पायी चालवता?” युसूफभाई म्हणाले. “थांबा, पाहू द्या मले.”

चपला घालून ते बाहेर आले, चाकाजवळ वाकून पाहिलं, अंगठ्यानं दाबून पाहिलं. पुण्याले गाडी चालवाले शिकवतात, सांभाळाले नाई शिकवत का, असं ऐकवलं. मग छोटे शेठला हँडल धरायला लावून स्वतः मागून ढकलू लागले. हे कमरेत उसण भरणारे युसूफभाई. वाटेत भेटेल त्याला थांबवून ते सांगत होते की हे आमचे छोटे शेठ, मुद्दाम भेटाले आले वाशीमहून. पंपापर्यंत पोचेतो त्यांची मान ताठ झाली होती आणि निकाहाचा किस्सा अर्ध्यावर आला होता.

हवा भरून होत होती तेव्हा त्यांनी आपणहून विचारलं, “जऊळक्याचा बस्ता उठला म्हनते गाव. काय झालं? कोन रुसलं होतं?”

“नवरदेवाच्या मामी,” छोटे शेठ म्हणाले.

“अन् ती पोरगी?”

“शालू घडी घालून ठेवून गेली.”

युसूफभाईंनी हवावाल्याला पैसे दिले. मग म्हणाले, तो शालू कोणाले दाखवू नका, बाजूला ठेवा. (तो विकला गेला नाही, हे इथंच सांगून टाकते. जऊळक्याचा बस्ता पुन्हा बसला, मामींनी एका कुडत्याला बटण लावलं, आणि ती मुलगी त्याच शालूत बोहल्यावर चढली. पुढच्या हंगामातही तो बोर्ड होता. सगळ्यांच्या नावापुढं टार्गेट लिहिलेलं असे, आणि एका नावापुढं छोटे शेठनी स्वतःच्या हातानं ‘टारगट’ असं लिहून ठेवलं होतं.)

मी गाडीवर मागं बसले. छोटे शेठनी किक मारायला पाय उचलला, तेवढ्यात युसूफभाईंनी हँडलवर हात ठेवला.

“उद्या पहिल्या बसनं येतो,” ते म्हणाले. “तुमचं टारगट पुरं झालं, छोटे शेठ. आता खिशातली वॉल्व्हची टोपी काढा अन् लावून घ्या. माती जाते चाकात.”

छोटे शेठनी मान खाली घालून खिशात हात घातला.